पाणी एकीकडे, तेल दुसरीकडे, भाषा मात्र एक

१० डिसेंबर २०२२ रोजी दोह्यातल्या अल थुमामा मैदानावर मोरोक्कोने पोर्तुगालला १-० असे हरवले. फुटबॉलच्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणारा तो पहिला अरब आणि पहिला आफ्रिकी संघ. त्या रात्री कॅसाब्लांका आणि रबातमध्ये जल्लोष होणारच होता. पण कैरो, अम्मान, ट्युनिस, एवढेच काय गाझापट्टीतही माणसे मोरोक्कोचा तांबडा झेंडा घेऊन रस्त्यावर उतरली. हा विजय घरचाच आहे असे मानणाऱ्या या लोकांची घरे अटलांटिकच्या काठापासून मस्कतपर्यंत, सहा हजार किलोमीटरांहून लांब पट्ट्यात विखुरलेली आहेत.

त्याच मोरोक्कोची शेजारच्या अल्जीरियाला लागलेली हद्द १९९४ पासून बंद आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये अल्जीरियाने राजनैतिक संबंध तोडले, पुढच्या महिन्यात मोरोक्कोच्या विमानांना आपले आकाश बंद केले आणि ऑक्टोबरअखेर मोरोक्कोतून स्पेनला जाणाऱ्या नळातला गॅसही थांबवला. भाषा एक, धर्म एक, शुक्रवारच्या नमाजानंतर घरोघरी वाढला जाणारा कुसकुस एक. तरीही मोरोक्कोतल्या ऊजदा शहरातून तासा-दीड तासावरच्या अल्जीरियन त्लेमसेनला जायचे, तर माणसाला तिसऱ्याच देशातून वळसा घालावा लागतो.

अरबी बोलणाऱ्या देशांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात बहुतेक वेळा दुबईचे मनोरे आणि तेलाचे भाव एवढेच असते. हे चित्र खोटे नाही, पण फार अपुरे आहे. २२ मार्च १९४५ रोजी कैरोत स्थापन झालेल्या अरब लीगचे आज २२ सदस्य आहेत आणि त्यांची लोकसंख्या ४५ कोटींच्या वर आहे. त्यातल्या आखाती सहकार्य परिषदेच्या सहा श्रीमंत देशांत (सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, कतार, बहारीन आणि ओमान) सहा कोटींच्या आसपास माणसे राहतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक परदेशी आहेत. एकट्या इजिप्तची लोकसंख्या दहा कोटींच्या वर गेली आहे. म्हणजे जिथे पैसा आहे तिथे माणसे थोडी, आणि जिथे माणसे आहेत तिथे पैसा थोडा. अरब जगाचा अर्थव्यवहार, स्थलांतर, राजकारण, गाणी आणि मालिकासुद्धा या एका विषमतेभोवती फिरत आल्या आहेत.

सुरुवात पाण्यापासून करायला हवी, कारण अरब संस्कृतीची जुनी केंद्रे पाण्याने ठरवली. नाईलच्या काठी कैरो, टायग्रिसच्या काठी बगदाद, बरदा नदीच्या ओलीवर वाढलेले दमास्कस. इजिप्तचा नकाशा पाहिला तर देश मोठा दिसतो, पण त्याची जवळजवळ ९५ टक्के जनता सुमारे ५ टक्के जमिनीवर, म्हणजे नाईलचा काठ आणि तिच्या मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश एवढ्याच भागात राहते. बाकी सगळे वाळवंट. १९७० मध्ये आस्वानचे उंच धरण पुरे झाल्यावर पूर थांबले आणि बारमाही पाणी मिळू लागले. पण नदीबरोबर येणारा गाळ धरणात अडकला आणि शेतकरी रासायनिक खतांवर अवलंबून राहू लागला.

एकेकाळी रोमन साम्राज्याला धान्य पुरवणारा हा देश आज जगात सर्वाधिक गहू आयात करणाऱ्या देशांत पहिल्या काही क्रमांकांवर असतो. युक्रेन युद्धाआधी इजिप्तच्या आयात गव्हापैकी सुमारे ८० टक्के गहू रशिया आणि युक्रेन या दोन देशांतून येत असे. हा गहू जातो कुठे? त्याचा मोठा भाग सरकारी सवलतीच्या पावात जातो. इजिप्तमधल्या सात कोटींहून अधिक लोकांना शिधापत्रिकेवर माणशी रोज पाच गोल पाव मिळतात. १९८९ पासून त्या पावाची किंमत पाच पियास्टर म्हणजे पाच पैशांसारखी होती. तिला हात लावायचे धाडस कोणी करत नव्हते, कारण जानेवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांनी अन्नधान्यावरची सवलत कापल्याबरोबर देशभर दंगली पेटल्या होत्या आणि दोन दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला होता. अखेर जून २०२४ मध्ये सरकारने पावाची किंमत वीस पियास्टर केली. तेही उत्पादनखर्चाच्या मानाने नगण्यच.

इजिप्तच्या कर्जबाजारीपणाची जुनी मुळे कापसात आहेत, आणि ती गोष्ट मुंबईच्या इतिहासाला समांतर जाते. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना. भाव कडाडले. वऱ्हाड-खानदेशातला कापूस मुंबईमार्गे आणि नाईलकाठचा लांब धाग्याचा कापूस अलेक्झांड्रियामार्गे इंग्लंडला निघाला. दोन्ही शहरांत पैशाचा पूर आला. यादवी संपली तसे मुंबईत बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्यासह शेअरबाजार कोसळला. इजिप्तचा राज्यकर्ता खेदिव इस्माईल याने मात्र त्या तेजीच्या भरवशावर परदेशी सावकारांकडून कर्जामागून कर्ज उचलले होते. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला, आणि सहाच वर्षांनी, १८७५ मध्ये, इस्माईलला कालव्यातला आपला हिस्सा ब्रिटनला चाळीस लाख पौंडांना विकावा लागला. १८८२ मध्ये ब्रिटिश सैन्य इजिप्तमध्ये उतरले. मुंबई सावरली आणि त्याच कालव्यामुळे भारताचे प्रवेशद्वार बनली. कालवा ज्याच्या भूमीत खणला गेला तो देश स्वातंत्र्य गमावून बसला. राष्ट्राध्यक्ष गमाल अब्देल नासर यांनी २६ जुलै १९५६ रोजी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले तेव्हा सगळ्या अरब जगात जो आनंद उसळला, त्यामागे हा पाऊणशे वर्षांचा अपमान होता.

आता नकाशाच्या पूर्वेकडे वळू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या आखाताचा अरबी किनारा गरीब होता. उन्हाळ्याचे चार महिने पुरुष मोती काढायला समुद्रात जात. नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला दोर अशा अवस्थेत पाणबुडे दिवसभर बुड्या मारत. बरेचसे जण नाखव्याच्या कर्जात असत आणि नाखवा सावकाराच्या. हंगाम संपला की मोती मुंबईला येत. आपल्याकडच्या नथीत आणि तन्मणीत मिरवणारे ‘बसरा मोती’ मुख्यतः बहारीन आणि आसपासच्या समुद्रातले. बसरा ही त्यांची एक पेठ. मुंबई हे त्या किनाऱ्याचे व्यापारी केंद्र होते. आखाती व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या, तांदूळ, कापड, सागवान मुंबईहून आणि मलबारहून जात होते, आणि व्यवहाराचे चलन होते भारतीय रुपया. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले तसे कतार आणि दुबई बाहेर पडले. ओमानमध्ये रुपया १९७० पर्यंत चालला.

एडनचे नाते त्याहून जवळचे आणि मराठी मनाला चटका लावणारे आहे. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हे येमेनी बंदर जिंकले आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. म्हणूनच वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेवर एडनच्या तुरुंगात पाठवण्यात आले, आणि तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी प्राण सोडले.

मोत्यांचा धंदा दोन धक्क्यांत बुडाला. जपानमध्ये मिकिमोतोने शेतीसारखे पिकवलेले मोती १९२० च्या दशकात बाजारात आले आणि १९२९ च्या मंदीने दागिन्यांची मागणीच संपवली. आखातात उपासमार झाली. त्याच दशकांत जमिनीखालचे तेल हाती लागले: १९२७ मध्ये इराकच्या किरकुकजवळ, १९३२ मध्ये बहारीनमध्ये, १९३८ मध्ये कुवेतच्या बुरगानमध्ये आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सौदी अरेबियाच्या ‘दम्माम क्रमांक ७’ या विहिरीत. ज्या कुवेतमध्ये पिण्याचे पाणी शत्त-अल-अरब नदीच्या मुखातून गलबतांत भरून आणत, तिथे १९५० च्या दशकात समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने उभे राहिले. आज त्या देशाचे बहुतेक सारे पिण्याचे पाणी तेल-गॅस जाळून समुद्रातून काढलेले असते.

पैशाने पाणी मिळते, पण त्याला मर्यादा असते. हा धडा सौदी अरेबियाने महागात शिकला. १९८० च्या दशकात त्या राज्याने वाळवंटात गहू पिकवायला घेतला. जमिनीखाली हजारो वर्षांपूर्वी साठलेले पाणी उपसून, फिरत्या फवाऱ्यांनी हिरवी वर्तुळे उमटवून १९९० च्या दशकाच्या आरंभी तो देश जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांत जाऊन बसला. ते पाणी पावसाने परत भरणारे नव्हते. २००८ मध्ये सरकारने माघार जाहीर केली आणि २०१६ पर्यंत स्थानिक गव्हाची खरेदी थांबवली.

तेल आणि गॅस सगळ्या अरबांना मिळाले असे नाही. निसर्गाने मोरोक्को, जॉर्डन आणि ट्युनिशियाला फॉस्फेटचा दगड दिला. पृथ्वीवरच्या ज्ञात फॉस्फेट साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. त्यात पश्चिम सहारा या वादग्रस्त प्रदेशातला बू क्राअचा साठाही येतो. तिथून समुद्रापर्यंत सुमारे शंभर किलोमीटर लांबीचा सरकता पट्टा खनिज वाहून नेतो. खुरीबगाच्या खाणीतला दगड २०१४ पासून पाण्यात कालवून नळाने जोर्फ लास्फर बंदरापर्यंत येतो. भारतात फॉस्फेटचे साठे फारसे नसल्यामुळे आपण जॉर्डन, मोरोक्को, इजिप्त यांच्याकडून दगड, आम्ल किंवा तयार खत घेतो. इफ्कोने जॉर्डनमध्ये, तर चंबळ फर्टिलायझर्स आणि टाटा केमिकल्स यांनी मोरोक्कोत भागीदारीत आम्लाचे कारखाने काढले आहेत. लातूरचा सोयाबीन शेतकरी पेरणीच्या तोंडावर डीएपीच्या पोत्यासाठी रांगेत उभा राहतो, तेव्हा त्या पोत्यातल्या स्फुरदाचा मोठा वाटा अरब देशांच्या खाणींतून आलेला असतो. मराठी वर्तमानपत्रे खताच्या टंचाईची बातमी देताना ही साखळी क्वचितच सांगतात. ती सांगायला हवी.

सुदानची गोष्ट मात्र दुःखद आहे. निळी आणि पांढरी नाईल जिथे मिळतात तिथला गेझिरा प्रदेश १९२५ पासून जगातल्या सर्वांत मोठ्या सिंचन योजनांपैकी एक आहे. १९७० च्या दशकात आखाती पैसा, सुदानची जमीन आणि इजिप्तचे शेतकी ज्ञान एकत्र आणून सुदानला अरब जगाचे धान्यकोठार बनवायचे घाटत होते. कागदावर याहून सुंदर योजना सापडणार नाही. यादवी, कर्ज आणि सत्तापालट यांत ती वाहून गेली. एप्रिल २०२३ पासून तिथे दोन लष्करी गटांत युद्ध चालू आहे आणि धान्यकोठार म्हणवणाऱ्या देशात दुष्काळ पडला. कोर्दोफानच्या बाभूळवनात मिळणारा डिंक मात्र अजूनही जगाला लागतो. शीतपेये, औषधी गोळ्या, शाई अशा अनेक वस्तूंत तो असतो, आणि त्याचा बहुतांश पुरवठा सुदानमधून होतो. १९९७ मध्ये अमेरिकेने सुदानवर आर्थिक निर्बंध घातले, तेव्हाही या डिंकाला सूट मिळाली होती.

एवढी पूरक संपत्ती असताना अरब देश एकमेकांशी व्यापार करत असतील असे वाटते. प्रत्यक्षात त्यांच्या एकूण व्यापारातला आपसांतला वाटा दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. कारण गूढ नाही. तेल, गॅस, फॉस्फेट या मालाची गिऱ्हाइके चीन, भारत, जपान, युरोप ही आहेत. आणि यंत्रे, औषधे, मोटारी विकणारेही तेच. नळवाहिन्या, बंदरे, रेल्वे सगळे बाहेरच्या दिशेने बांधले गेले. अल्जीरियाच्या हास्सी रमेलचा गॅस भूमध्य समुद्राखालून इटलीला पोहोचतो. कतारचा गॅस द्रवरूपात २००४ पासून गुजरातच्या दहेजला उतरतो. मोरोक्कोतल्या तान्जेर-मेड बंदराजवळच्या रेनॉच्या कारखान्यातून मोटारी युरोपात जातात. १७ फेब्रुवारी १९८९ रोजी माराकेशमध्ये मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया आणि मॉरिटानिया यांनी संयुक्त बाजारपेठेसाठी अरब मगरेब संघ स्थापला. तो कागदावर अजून आहे. त्याच्या दोन मोठ्या सदस्यांमधल्या हद्दीवर तारांचे कुंपण आहे.

अरब जगात खरोखर सीमा ओलांडून गेली ती माणसे. पैसा तेलाच्या देशांत होता, पण शाळा चालवायला शिक्षक, दवाखाने चालवायला डॉक्टर, कचेऱ्या चालवायला कारकून तिथे नव्हते. ते आले नाईलकाठाहून, पॅलेस्टाईनहून, लेबनॉन-सीरियातून. कुवेतमध्ये पॅलेस्टिनी शिक्षकांचा पहिला गट १९३६ मध्येच दाखल झाला. १९६२ मध्ये स्वतंत्र झालेल्या अल्जीरियात फ्रेंचांनी अरबी शिक्षण इतके खुंटवले होते की वर्गात अरबी शिकवायला इजिप्तमधून शिक्षक बोलवावे लागले. कुवेतपासून अल्जीरियापर्यंतच्या दोन पिढ्या इजिप्शियन आणि पॅलेस्टिनी मास्तरांच्या हाताखाली शिकल्या. आखातातली आधुनिक मध्यमवर्गीय संस्कृती या मास्तरांनी घडवली, आणि त्यांच्या वाट्याला त्याचे श्रेय पुरेसे आले नाही.

या स्थलांतरातली वेदना साहित्याने टिपली आहे. पॅलेस्टिनी लेखक गस्सान कनफानी हे स्वतः कुवेतमध्ये शिक्षक होते. १९६३ च्या त्यांच्या ‘उन्हातली माणसे’ या लघुकादंबरीत नोकरीच्या आशेने कुवेतला चोरून निघालेले तीन पॅलेस्टिनी पाण्याच्या टँकरच्या रिकाम्या टाकीत, वाळवंटी हद्दीच्या नाक्यावर गुदमरून मरतात. तेल सापडल्यावर वाळवंटातल्या गावाचे काय झाले हे अब्दुल रहमान मुनीफ यांनी ‘मिठाची शहरे’ या कादंबरीमालेत लिहिले. तिचा पहिला खंड १९८४ मध्ये आला. मुनीफ हे तेल अर्थशास्त्राचे पदवीधर होते हे वाचताना जाणवते.

पाहुणचार किती कच्चा होता ते ऑगस्ट १९९० मध्ये कळले. इराकच्या सद्दाम हुसेनने कुवेत बळकावला. पॅलेस्टिनी नेतृत्व आणि येमेनचे सरकार सद्दामकडे झुकलेले दिसले, याची शिक्षा कामगारांना झाली. सौदी अरेबियातून सुमारे आठ लाख येमेनी परत गेले. कुवेतमधल्या चारेक लाख पॅलेस्टिनींपैकी युद्धानंतर थोडेच उरले. त्याच वेळी भारताने अम्मानमार्गे सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणले. त्यांतली बहुतेक विमाने मुंबईला उतरत होती.

तोवर आखाती राज्यांनी मजुरांचा ओघ बदलायला घेतलाच होता. अरब कामगार आपल्या राजकीय कल्पना बरोबर आणतो, संघटना करतो, इथलाच आहे असे म्हणतो. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, फिलिपिन्समधला कामगार स्वस्तात येतो आणि करार संपला की जातो, असा तो हिशेब होता. आज आखाती देशांत नव्वद लाखांच्या घरात भारतीय आहेत. त्यांत केरळ पुढे असले तरी रत्नागिरी, रायगडमधल्या कित्येक गावांची घरे कुवेत, दोहा, मस्कतच्या पगारावर उभी राहिली. गोमंतकीय तर तेल कंपन्यांच्या सुरुवातीच्या काळापासून बहारीन आणि कुवेतमध्ये आहेत. मालकाच्या जामिनाशिवाय राहता न येणाऱ्या ‘कफाला’ पद्धतीचे चटके या सगळ्यांनी सोसले आहेत. कतारने अलीकडे तिच्यात सुधारणा केल्या, पण मालकाची पकड सगळीकडे सैल झालेली नाही.

हा सगळा विखुरलेपणा असूनही अरब जगात एक श्रोतृवर्ग आहे, आणि तो ज्या माध्यमांनी घडवला त्यांचा इतिहास विलक्षण आहे. बोलीभाषा एकमेकींपासून खूप दूर आहेत. मोरोक्कोची बोली बगदादच्या माणसाला चटकन कळत नाही. लिखाण, बातम्या, प्रवचने ज्या प्रमाण अरबीत होतात ती कोणाचीच घरची भाषा नाही. ही दरी कैरोच्या सिनेमाने आणि रेडिओने बुजवली. तलाअत हर्ब या उद्योजकाने १९२० मध्ये इजिप्शियन भांडवलावर बँक मिस्र काढली आणि १९३५ मध्ये त्याच समूहाचा स्टुडिओ मिस्र सुरू झाला. तिथल्या चित्रपटांमुळे कैरोची बोली अरब जगभर समजू लागली. जुलै १९५३ मध्ये सुरू झालेल्या ‘अरबांचा आवाज’ या नभोवाणी केंद्राने नासर यांची भाषणे एडनपासून अल्जीयर्सपर्यंत पोहोचवली.

आणि उम्म कुल्थूम. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका गावातल्या इमामाची ही मुलगी लहानपणी मुलाचे कपडे घालून वडिलांबरोबर धार्मिक गीते गात असे. पुढे अनेक दशके दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री तिची मैफल रेडिओवरून थेट ऐकवली जाई. एकेक गाणे तासभर चाले. श्रोत्यांची दाद पाहून ती एकच ओळ नाना तऱ्हांनी फिरवून म्हणे. आपल्या शास्त्रीय संगीताच्या रसिकाला हे गाणे परके वाटणार नाही. १९६७ च्या इस्रायलबरोबरच्या युद्धात पराभव झाल्यावर तिने पॅरिसमध्ये आणि अनेक अरब शहरांत कार्यक्रम केले आणि मिळालेला पैसा देशाला दिला. फेब्रुवारी १९७५ मध्ये ती गेली तेव्हा कैरोच्या रस्त्यांवर लाखो माणसे लोटली.

कैरो लिहितो, बैरुत छापतो, बगदाद वाचतो, अशी एक जुनी म्हण अरब जगात आहे. तिच्यातली बगदाद आणि बैरुत ही शहरे नंतरच्या काळात होरपळली. बगदादच्या पुस्तकपेठेत, अल मुतनब्बी रस्त्यावर, ५ मार्च २००७ रोजी बाँबस्फोट झाला. लेबनॉनच्या बँका २०१९ मध्ये कोसळल्या आणि ४ ऑगस्ट २०२० च्या स्फोटाने बैरुतचे बंदर उद्ध्वस्त केले. संस्कृतीचा कारखाना गेली काही दशके पैशाच्या दिशेने सरकतो आहे. कतारने १९९६ मध्ये अल जझीरा सुरू केली. सौदी मालकीची एमबीसी वाहिनी लंडनहून दुबईला आणि अलीकडे रियाधला गेली. २०१८ पर्यंत ज्या सौदी अरेबियात चित्रपटगृहेच नव्हती, तिथल्या महोत्सवांत आज इजिप्तचे गायक आणि नट हजेरी लावतात. लेखक, दिग्दर्शक, वादक अजूनही बहुधा कैरो, दमास्कस, बैरुतचे. मानधन मात्र आखाताचे. रमजानच्या महिन्यात रोजा सोडल्यावर घराघरांत लागणाऱ्या मालिकांचा विषय आणि सूर कोणी ठरवायचा, हा आज तिथल्या कलावंतांपुढचा गंभीर प्रश्न आहे. पैसा देणाऱ्याला न रुचणारी गोष्ट पडद्यावर येणे कठीण होत चालले आहे, आणि हे अरब संस्कृतीचे नुकसानच आहे.

स्वयंपाकघर मात्र सत्तेला फारसे जुमानत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांनी मिळून कुसकुसची नोंद युनेस्कोच्या वारसा यादीत करून घेतली. पुढच्याच वर्षी पहिल्या दोघांमधले संबंध तुटले. खजुराच्या परंपरेसाठी २०१९ मध्ये चौदा अरब देश एकत्र आले. मोरोक्कोच्या पुदिन्याच्या चहात चीनची हिरवी पत्ती असते. आखातातल्या मचबूस आणि कब्सा या मांसभातात भारतातून आलेला बासमती असतो, आणि तिथे सर्रास प्याला जाणारा ‘करक’ हा दूध घालून उकळलेला चहा भारत-पाकिस्तानच्या कामगारांनी नेलेला आहे. नाशिकचा कांदा आणि कोकणचा हापूस यांचेही अमिराती हे जुने गिऱ्हाईक.

पैसा आणि माणसे यांच्यातला जुना सौदा आजही नव्या रूपात चालू आहे. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. जागतिक व्यापाराचा सुमारे १२ टक्के भाग ज्या सुएझमधून जात असे, तिथली जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि इजिप्तचे कालव्याचे उत्पन्न वर्षाला १० अब्ज डॉलरवरून ४ अब्जांच्या आसपास आले. अरब देशांतल्या सर्वांत गरीब देशांपैकी एकातल्या बंडखोरांनी सर्वाधिक लोकसंख्येच्या देशाची कालव्यातली कमाई निम्म्याहून खाली आणली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अबुधाबीने भूमध्य समुद्रावरच्या रास अल हिकमा या किनाऱ्याच्या विकासासाठी ३५ अब्ज डॉलरचा करार केला, तेव्हा कैरोच्या तिजोरीला श्वास घेता आला. याशिवाय आखातात आणि इतरत्र राबणारे इजिप्शियन दरवर्षी घरी पाठवतात ती रक्कम कालव्याच्या सर्वोत्तम वर्षाच्या कमाईपेक्षाही बरीच जास्त असते.

या जगाशी आपला संबंध मोती, रुपया आणि एडनच्या तुरुंगापासूनचा आहे. तरीही कनफानी, मुनीफ किंवा १९८८ चे नोबेल मिळवणारे नजीब महफूझ आपण वाचतो ते बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीने. कोकणातल्या हजारो घरांत आखाती अरबी रोजच्या कामात बोलणारी माणसे आहेत. त्यांची तिथली वर्षे, तिथले शेजारी आणि बाजार, मालक, सहकारी यांच्याविषयी त्यांनी स्वतः लिहावे. मराठी प्रकाशकांनी आणि संपादकांनी त्यांच्यापर्यंत जावे, आणि विद्यापीठांच्या अरबी विभागांतून थेट मराठीत अनुवाद करणारी पिढी तयार करावी.